वावरातलं सोयाबीन

मळणीयंत्रातून सोयाबीनचं कुटार उडू लागलं, की त्या वासानं मला यवतमाळचं ते छोटं कोरियन हॉटेल आठवतं. काही वर्षांपूर्वी मी बाबांना तिथं जेवायला नेलं होतं. काळ्या वाडग्यात पिवळट सूप खदखदत होतं. बाबांनी ते आधी हुंगलं, मग चमचाभर चाखलं आणि वाढणाऱ्या मुलीला विचारलं, “कायचं हाय व पोरी हे?” “सोयाबीनचं, काका. आंबवलेलं.” बाबांनी चमचा खाली ठेवला. “जल्मभर पेरून राह्यलो मी, पन यातला एक दाना कधी घरी शिजवला नाही.” मग लगेच तिला म्हणाले, “किती दिवस आंबवता?” तेव्हापासून पोती बाजारात जायच्या आधी बाबा एक पायली आंबवायला घरात काढून ठेवतात. दोन माठ बिघडले. तिसऱ्याला आज सकाळपासून नाक लावून बसलेत.