रिकामी घोंगडी

विद्यापीठ म्हटलं की हल्लीच्या पोरांना मोठाल्या इमारती दिसतात. आमचं विद्यापीठ म्हणजे औंढ्याच्या वरच्या माळावर चार कौलारू पडव्या, एक गोठा नि एक विहीर. सरकारच्या पैशाला शिवायचं नाही आणि पोरांना देशी शिक्षण द्यायचं, म्हणून पुण्याच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी ते काढलेलं. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी औंढ्याची. आमच्या घरचं दूध वर जायचं आणि ते घेऊन मी जायची.

तिथल्या एका मास्तरांशी माझी सोयरीक ठरली. हे बेगडेवाडीकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. मला हेच हवे होते, आता या वयात लाजायचं कशाला? पण विद्यापीठाचा नेम मोठा कडक. मास्तरांनी ब्रह्मचारी राहायचं. लग्न करायचंच असेल तर अध्यक्षांचा शब्द घ्यायचा, नाहीतर वळकटी गुंडाळून चालू लागायचं. यांनी जुन्या अध्यक्षांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू." हे बिचारे तसंच सांगत आले, आणि माझ्या वडलांनी, म्हणजे आबांनी, त्या 'बघू'लाच 'हो' समजून लग्नाची बोलणी पक्की केली!

आणि तेवढ्यात जुन्या अध्यक्षांनी कारभार सोडला. आता थकलो म्हणाले. पुण्याहून नवे अध्यक्ष आले, चाळिशीतले, जुन्यांचेच शिष्य.

कारभार सोपवायच्या दिवशी मी दुधाची चरवी घेऊन दाराशी उभी होते. अध्यक्षांना खुर्ची नव्हती. मधल्या पडवीत चौघडी घातलेली काळी घोंगडी, तिच्यावर बसून सगळा कारभार चालायचा. जुन्या अध्यक्षांनी नव्यांच्या हातात नारळ दिला आणि घोंगडीकडं हात केला, "बसा." नवे पाया पडले, दोन पावलं मागं सरकले आणि घोंगडीच्या डाव्या अंगाला सारवलेल्या भुईवर बसले. "आपल्यासमोर मी त्या जागेवर कसा बसू?" जुने म्हणाले, "मी तर उठलो," आणि ते उजव्या अंगाला भुईवर बसले. टाळ्या झाल्या. मला कळेना, अध्यक्ष झाला कोण?

मला एकटीलाच कळत नव्हतं असं नाही. आचारी भाजी काय करू म्हणून विचारायला गेला, तर जुने म्हणाले नव्यांना विचारा, नवे म्हणाले ते असताना मी कोण? मग आचारी रोज पिठलं करायला लागला. पोरं सुट्टी मागायला जायची आणि डोकं खाजवत परत यायची. घोंगडीवर गोठ्यातली मांजर येऊन झोपायची. आमच्या गावात लोक म्हणू लागले, मांजरीला अध्यक्ष केलंय वर.

हसा तुम्ही. माझा जीव टांगणीला लागला होता. आबांनी बजावून ठेवलं होतं, "एकादशीच्या आत बार उडाला पायजे. मग चार म्हैने मुहूर्त न्हाई. तवर मी पोरगी घरात ठिवणार न्हाई. कामशेतवाल्यांचं स्थळ अजून हाय." हे रोज एकदा उजवीकडं आणि एकदा डावीकडं बसून यायचे. जुने म्हणायचे, "मी ओझं खाली ठेवलं, आता नव्यांना विचारा." नवे म्हणायचे, "त्यांनी घातलेला नेम त्यांच्यादेखत मी कसा मोडू?" दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला.

एकदा विहिरीपाशी मी यांना अडवलं. "तुमाला लगीन करायचंय का मांजरीसंगट शाळा करायचीया?"

हे खाली मान घालून म्हणाले, "दोघंही मला गुरूच्या जागी. कुणाचा शब्द मोडू?"

"मग माझं लगीन मोडा!" मी म्हटलं आणि निघाले. अस्सा संताप आला होता! घरी येऊन चुलीपुढं रडले, तेव्हा आबांना काय ते उमगलं.

आमच्या औंढ्यात जुनी रीत आहे. मोठ्या माणसाचा शब्द हवा असला, तर त्याच्या बैठकीवर विडा ठेवायचा. त्यानं उचलला की शब्द दिला. ठेवणाऱ्यालाच तो परत उचलावा लागला तर गोष्ट तिथंच संपली, पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी आबा फेटा बांधून माझ्याबरोबर वर आले. पावसाची झड लागली होती. त्यांनी मांजरीला हुसकलं, घोंगडीवर पानसुपारीचा विडा ठेवला आणि म्हणाले, "ज्याची जागा हाय त्यानं उचलावा. न्हाईतर मी उचलतो आन् पोरगी कामशेतला देतो."

हे खांबाला धरून उभे. मी दाराशी. दोन्ही अध्यक्ष घोंगडीच्या दोन अंगांना, मधे विडा. जुने नव्यांकडं बघतायत, नवे भुईकडं. पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं ओरडावं. आबा बराच वेळ थांबले. मग वाकायला लागले.

"थांबा," जुने म्हणाले. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, तांब्या घेतला. "मी इथं आहे तोवर हे घोंगडीवर बसायचे नाहीत. माझंच चुकतंय." आणि ते भर पावसात कुरवंड्याच्या वाटेला लागले. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर इरलंसुद्धा नाही.

नवे अध्यक्ष पडवीच्या कडेपर्यंत धावले. तिथंच थांबले. एकदा वाटेकडं बघितलं, एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं. माझं तोंड तेव्हा कसं दिसत होतं कुणास ठाऊक. मग ते मागं वळले आणि ओल्या पायांनी येऊन घोंगडीवर बसले. विडा उचलला. यांना म्हणाले, "लग्न करा. इथंच राहा दोघं. आणि आधी पळत जा, त्यांना परत आणा. अध्यक्षांचा हुकूम आहे म्हणून सांगा."

हे जे पळत सुटले! ओढ्याच्या अलीकडं त्यांनी म्हाताऱ्याला गाठलं. यांनी नंतर सांगितलं, आधी विनवण्या केल्या तर ते ऐकेनात. हुकूम म्हटल्यावर मात्र थबकले. "बसून दिला की उभ्यानं?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "बसून." तेव्हा वळले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, पण त्या म्हाताऱ्याला भिजून परत येताना बघितलं आणि मला रडू फुटलं. आबा म्हणाले, "आता का रडतीस, येडे? झालं ना तुज्या मनासारकं?"

जुने अध्यक्ष पडवीत आले. काठी कोपऱ्यात ठेवली. धोतराचा सोगा पिळला. मग घोंगडीपुढं येऊन त्या आपल्या शिष्यासमोर सावकाश वाकले आणि हात जोडून म्हणाले, "आलो. आज्ञा?"

नव्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उठून गुरूंचे पाय धरावेत म्हणून त्यांचा जीव नुसता तळमळत होता, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण उठले असते तर सगळंच पुन्हा होतं तिथं गेलं असतं. विडा मुठीत घट्ट धरून ते बसून राहिले.