काजळीच्या कागदावरचं लगीन

किल्लारीच्या भूकंपानंतरचे ते दिवस होते. तिकडं माणसं गेली, गावंच्या गावं गेली. पालमजवळच्या आमच्या गावातही जमीन अधूनमधून हलायची आणि सगळं गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं. आमच्या घरात आणखी एक घोर होता. ताईचं लगीन ठरलेलं होतं.

अशात धक्के मोजायचं यंत्र घेऊन एक साहेब गावात आले आणि नेमकी आमचीच कडब्याची खोली त्यांना पसंत पडली. रस्त्यापासून लांब, पिठाच्या गिरणीपासून लांब. वडिलांनी हौसेनं खोली देऊन टाकली. मग काय! बातमी पाथरीला, ताईच्या सासरी पोचली. त्यांच्या घरात भूकंपाचं यंत्र बसवलंय, म्हणजे पुढचा भूकंप तिथंच होणार! घ्या. पाऊस मोजायचं भांडं ठेवलं म्हणून पाऊस तिथंच पडतो का? पण सांगणार कोण?

आठवड्याभरात ताईचे होणारे सासरे एसटीनं हजर झाले. धिप्पाड माणूस, पण घरात पाय टाकेना. अंगणातच उभं राहून वडिलांना म्हणाले, "पाव्हणे, पोरगी आमाला लय पसंत हाय. पण बायका हितं यायला तयार न्हाईत. यंदा राहू द्या, पुढल्या साली बघू."

'पुढल्या साली बघू' म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. वडिलांचं तोंड एवढंसं झालं. आत चुलीपाशी ताईची भाकर करपायली होती, तिचं ध्यानच नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"मामा, आधी यंत्र तरी बघा, मग लगीन मोडा," मी ताईच्या सासऱ्यांना बोलून गेले. आईनं डोळे वटारले. पण मामा आले खोलीत, दारापाशीच उभे राहिले.

रॉकेलच्या धुरानं काळा केलेला कागद एका गोल फिरत्या डब्यावर गुंडाळलेला होता आणि एक सुई त्याच्यावर पांढरी रेघ ओढत होती. रेघ सरळ म्हणजे जमीन शांत, असं साहेब सांगायला लागले, तेवढ्यात सुई थडथड नाचली. मामा एका ढांगेत अंगणात!

साहेब हसायला लागले. भिंतीपलीकडं आमची चुलती हळद कुटत होती. लगीन राहो की मोडो, तिचं मुसळ चालूच.

"मामा, तुम्ही मारा बरं एक उडी," साहेब म्हणाले.

मामांनी परत आत येऊन धोतर सावरलं, धप्पकन उडी मारली आणि वाकून बघितलं. कागदावर हा एवढा झुपका!

"ह्ये म्या केलं?" मामांचा चेहरा खुलला. आणखी एक उडी, परत झुपका. मग काय, मामा थांबायलाच तयार नाहीत. शेवटी दम लागून बाजेवर बसले आणि म्हणाले, "म्हंजे ह्ये भूकंप आणत न्हाई, निस्तं लिहून घेतंय. आणा चहा. वऱ्हाड येणार. पण साहेब, लगीन लागोस्तर यंत्र हलवायचं न्हाई बरं का!"

तुळशीचं लगीन झालं आणि मागोमाग आमच्या दारात मांडव पडला. अक्षता पडल्या, ताशे कडाडले, पोरांनी सुतळी बॉम्ब लावले. जेवणं उरकायच्या आत मामांनी साहेबांना पंगतीतून हाताला धरून उठवलं. मागं आम्ही सगळे, मुंडावळ्या बांधलेली ताईही.

"साहेब, लगीन कुठं लागलं, दावा."

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. आधी वऱ्हाडाच्या येण्याजाण्याची बारीक थरथर. मग मंगलाष्टकांना सगळे उभे, तिथं रेघ अगदी सरळ. आणि मग एकदम मोठ्ठा झुपका.

"इथं," साहेब म्हणाले.

मामा बघतच राहिले. डोळे पुसून ताईला म्हणाले, "पोरी, मार तू बी एक."

ताई लाजली. वडिलांकडं बघितलं, ते हसायले होते. मग तिनं शालू घोट्याच्या वर धरला आणि मारली उडी. सुई नाचली.

"बघा," मामा सगळ्यांना ओरडून म्हणाले, "आमची सून आली!"