शिंदी सदऱ्यावर, वास भलत्याच तोंडाला

ती घटना आजही आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी जालन्याच्या ठाण्यात नवा जमादार होतो. काम कमी अन् नकला जास्त, अशी माझी ख्याती. अमीनसाहेब, म्हंजे आमचे ठाणेदार, त्यांचीबी नक्कल करायचो. ते दौऱ्यावर असले की.

एका दुपारी गावातल्याच मस्तगड भागातले एक बडे जमीनदार आपल्या डायवरला बखोट धरून घेऊन आले. दर वाक्याआधी दोनदा खाकरायचं अन् शेवटी 'बराबर?' म्हणायचं, ही त्यांची खोड.

"ह्यानं शिंदी पिऊन बदनापूरच्या रस्त्याला मेंढरांत मोटार घातली. बाई चाकाखाली आली. परवाना जप्त करा ह्याचा. बराबर?"

डायवर हात जोडून म्हणला, "माझीच चुकी, साहेब."

सदरा शिंदीनं भिजलेला. मी जवळ जाऊन हुंगलं. तोंडाला नुसता कांदा-भाकरीचा वास. माणूस पितो तोंडानं, अन् ह्याची छातीच प्यालेली. पण अमीनसाहेबांनी त्याचा परवाना काढून टेबलावर ठेवलाबी. तो गेला की त्याची रोजीच गेली, वर कैद.

मालक तहसीलदाराकडं वशिला लावायला गेले, तेवढ्यात दवाखान्यातून त्या बाईचा नवरा आला. धनगर माणूस, धोतराला बायकोचं रक्त. डायवरला बघून म्हणला, "ह्यो न्हवता चालवत. धडकल्यावर मोटार बंद पडली. ह्यानं उतरून पुढून हँडल मारून ती चालू केली अन् पळत जाऊन डाव्या अंगाला बसला."

"मंग चाकावर कोण होतं?"

"मालकाचं पोरगं. हसून राह्यलं होतं."

डायवर खाली बघत पुटपुटला, "दादा, गप बसा. माझे लेकरं त्यांच्याच वाड्यावर जेवत्यात."

त्या डायवरचा मला राग आला, अन् त्याला असं बोलायला लावणाऱ्याचा त्याच्या दसपट.

छोट्या मालकाला बोलावलं. मिसरूड फुटलेलं न्हाई, डोळे लाल, तोंडात मूठभर इलायची. खिशातून रुबाबात परवाना काढला. त्यावर वय एकवीस.

अमीनसाहेबांनी काहीबी इचारलं की घोकलेलं एकच उत्तर, "डायवर चालवत होता. मी झोपलो होतो."

मी मागच्या दाराआड गेलो. दोनदा खाकरलो अन् मालकाच्या आवाजात म्हणलो, "अरे, सगळं मिटवलंय. काय झालं ते साहेबाला सांगून टाक अन् घरी चल. बराबर?"

"मंग आधीच सांगायचं ना, बाबा," पोरगं दाराकडं बघून वैतागलं. "मीच चालवत होतो. राजूरहून येताना शिंदी घेतली थोडी. डायवर नको म्हणत होता. म्हणलं, नोकरी घालवीन तुझी. अन् त्याच्या सदऱ्यावर शिंदी तर तुम्हीच ओतली."

अमीनसाहेबांनी मान वर न करता सगळं लिहून घेतलं. मंग इचारलं, "वय?"

"सोळा सरलं."

"परवान्यावर एकवीस कसं?"

"बाबांनी लावून घेतलं."

ती बाई कोण, कशी आहे, एवढंबी इचारलं न्हाई त्यानं. इचारलं काय, तर "मोटारीचा दिवा फुटला, तो कुठं मिळंल?" मी दाराआडून बाहेर आलो. मला बघून त्याची इलायची घशात अडकली. थोबाडीत द्यायला माझा हात उचलला गेल्ता. अमीनसाहेबांनी मनगट धरलं.

पोराचा परवाना रद्द झाला. दंड झाला, तो बापानं पानाचे पैसे द्यावे तसा भरला. बाईचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. डायवरला त्याचा परवाना मी माझ्या हातानं परत दिला. तो म्हणला, "जमादारसाहेब, परवाना वाचला, पण आता मला मोटार कोण देईल?" बराबर बोलला. त्या मालकाचा शब्द मोडून त्याला कामावर घेणारा जालन्यात कुणी निघाला न्हाई. शेवटी तो बायको-लेकरं घेऊन नांदेडकडं गेला.

पुढं मीबी अमीन झालो, मोटारीचे लई अपघात बघितले. गुन्हा कबूल करायला जो सगळ्यात पुढं यायचा, त्याला आधी सावलीत बसवून पाणी द्यायचो. अन् मंग एकेकाला समोर उभं करून बाकी सगळ्यांची तोंडं हुंगायचो. सगळ्यात भारी कपडेवाल्याचं पहिलं.