पाळणाघर दाखवण्याचा कार्यक्रम

कौसल्याबाई तावडे पारशाशी लग्न करणार, ही बातमी करी रोडच्या आमच्या चाळीत सकाळी नळावर फुटली आणि दूधवाला यायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचली. पुरावा भक्कम होता. चाळिशीतली विधवा बाई दर शनिवारी ठेवणीतलं पातळ नेसून फोर्टात जाते आणि कुणा होरमसजीसाहेबांना भेटते. शिवाय हाच साहेब मागे चाळीत येऊन, पोहे खाऊन गेलेला. वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंना तर साहेबाच्या कोटाचा रंगही पाठ होता.

खरं एवढंच, की साहेब फोर्टातल्या एका धर्मादाय ट्रस्टचे चिटणीस होते आणि आले होते ते आमचं पाळणाघर बघायला.

तळमजल्यावरची खोली रात्री भजनी मंडळाची, दिवसा गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या पोरांची. त्या पोरांना म्हातारी जाईबाई सांभाळायची, फुकट. कौसल्याबाई बाकीचं बघायच्या. पण जाईबाईला दिसेनासं झालं होतं, दिवाळीनंतर ती कायमची गावाला जायची होती. पगार देऊन दुसरी बाई ठेवली नाही, तर खोलीला कुलूप. मग पोरांचं काय, हे शेवंतीला विचारावं. शेवंती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. पाळणाघर निघण्याआधी ती धाकट्याच्या पायाला लुगड्याची पट्टी बांधायची, दुसरं टोक खाटेला, आणि पाळीला जायची.

कौसल्याबाई मराठी सातवी पास. चाळीतल्या निम्म्या लोकांची गावची पत्रं त्याच लिहायच्या, तेव्हा मदतीचा अर्ज म्हणजे काय मोठं, असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, आमचे पाळणाघर उत्तम चालते, मुले गुटगुटीत आहेत, सर्वत्र समाधान आहे. वाचून साहेब म्हणाले, बघायला येतो.

आता बघायला येतो म्हटलं की आपल्याकडे काय करतात, ते चाळीला बरोबर ठाऊक. आनंदीबाईंच्या खुर्च्या खाली आल्या. भिंतीवर भजनी मंडळाच्या बाबुरावांचं घड्याळ लागलं. पोरांना पावडरी फासल्या. शेंबडी आणि रडकी पोरं वरच्या मजल्यावर दडवली, आणि त्यांच्यासोबत जाईबाईलाही. मुलीचा तिरळा डोळा झाकावा तसा सगळा उणा भाग झाकून, पोह्यांवर खोबरं पेरून पाळणाघर साहेबांपुढे बसवलं. साहेब खूश झाले. आठवड्याने पत्र आलं, संस्था सुस्थितीत दिसते, सबब मदत अधिक गरजू संस्थेस देण्यात येत आहे.

पत्र वाचून कौसल्याबाई उठल्या आणि फोर्टात जाऊन साहेबांपुढे बसल्या. पैसे नको, म्हणाल्या, माझं चुकलं कुठं तेवढं सांगा. साहेबांनी जुना अर्ज काढला, चष्मा लावला आणि आपल्या पारशी मराठीत म्हणाले, "बाई, तू आरती लिवली. अडचण कुठे हाय?"

तिथून ते शनिवार सुरू झाले. काय आहे, काय नाही, नसल्यामुळे कुणाचं काय अडतं, मदत मिळाली तर पहिल्या महिन्यात काय कराल, हिशेब कोण ठेवील, असं साहेब विचारत जायचे आणि बाई लिहीत जायच्या. जमेना तेव्हा फाडायच्या. समाधान, कृपा, उज्ज्वल असले शब्द दिसले की साहेब लाल पेन्सिल फिरवायचे. मग बाई दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पोरांना निराधार बालके करून बसल्या. नवा कागद त्यांनी पत्रांच्या रिवाजाप्रमाणे गॅलरीत मोठ्यानं वाचला. तांदूळ निवडणाऱ्या शेवंतीनं सूप खाली ठेवलं.

"निराधार? मग मी कोण, मेलेली?"

बाईंनी तिथंच ती ओळ खोडली. मग शेवंतीजवळ बसून हळूच विचारलं, ते पट्टीचं लिहू का गं. शेवंतीनं सूप परत मांडीवर घेतलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण बांधते नाही, बांधायची असं लिहा. आणि परत बांधायला लावू नका म्हणावं."

अर्जात दुसरं फारसं काही लागलंच नाही. साहेब पुन्हा आले त्या दिवशी आनंदीबाईंच्या खुर्च्या कौसल्याबाईंनी जिन्यातूनच परत पाठवल्या. आनंदीबाईंनी आठ दिवस अबोला धरला, त्यात चाळीला जरा विसावाच मिळाला. साहेब चटईवर बसले. समोर जाईबाईनं चाचपडत दुधाची वाटी उचलली आणि आत्ताच पिऊन झालेल्या पोराच्या तोंडाला लावली. उपाशी पोर शेजारी ओरडत होतं. साहेबांनी ते सगळं पाहिलं. मग चहा स्वतःच मागून घेतला.

मंजुरीचं पत्र आलं. आता खोली भजनी मंडळाची, म्हणून त्यावर मंडळाच्या अध्यक्षाची सही हवी होती, आणि अध्यक्ष होते बाबुराव. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. बाबुराव समितीचे इतके कट्टर, की झोपेतही घोषणा देत असं त्यांच्या बायकोनंच सांगितलेलं. परळच्या सभेहून ते नुकतेच आले होते, आवाज बसलेला. त्यांनी पत्र वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. या ट्रस्टवरचे निम्मे शेटजी मुंबई महाराष्ट्राला द्यायला तयार नाहीत, त्यांच्यापुढे आपण हात पसरायचा? आपली पोरं परक्याच्या पैशावर वाढवायची? बसक्या आवाजातही भाषण रंगलं. गॅलरीतल्या दोघांनी माना डोलावल्या. शेवंती धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती, ती एकदा बाबुरावांच्या खिशाकडे बघे, एकदा कौसल्याबाईंकडे.

बाबुरावांनी सही केली, आणि ती चाळीनं पाहिली. पण खिशातलं पेन बाहेर निघालं ते कौसल्याबाईंच्या बोलण्यानं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "बाबुराव, मुंबई आपली म्हणून तुम्ही रोज घसा बसवून घेता. मग तिच्यातला पैसा तेवढा परक्याचा कसा?"