देवापुढचा लाल बल्ब

"वायर काढली न्हवं?" पावसाळाभर आमचे मामा नमस्काराऐवजी हेच विचारायचे. मामा म्हणजे फिरत्या नेत्रतपासणी गाडीचे ड्रायव्हर. मी त्याच गाडीवर कंपाउंडर होतो.

गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच. तपासणीची खुर्ची, झोपायला दोन बाकं, स्टो, पंखा. पावसात खेडोपाडी कुणी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेत नसे, म्हणून दसऱ्यापर्यंत ती गडमुडशिंगीच्या शेडमध्ये उभी असायची. मामा पान्यानं बॅटरीची वायर सोडायचे, टोकांना ग्रीस लावायचे आणि दर पंधरवड्याला येऊन बॅटरी चार्जिंगला लावायचे. "उभी गाडी बी बॅटरी खाती, साहेब," म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. खरं सांगतो, मला त्यांचा कंटाळा यायचा.

एका श्रावणात मामांना कावीळ झाली. दोन महिने अंथरुणाला. शेडची किल्ली माझ्याकडे आली. पहिल्याच सोमवारी गेलो, तर गाडीतल्या गणपतीपुढचा, बॅटरीवर चालणारा लाल बल्ब विझलेला. वायर काढल्यावर तो विझणारच, हे कळत होतं. पण श्रावणात देव अंधारात, हे मनाला पटेना. मी वायर जोडली. संध्याकाळी येऊन काढू म्हटलं आणि विसरलो. पुढे पावसाचं निमित्त करून तिकडे फिरकलोच नाही.

दसऱ्यानंतर पहिलं शिबिर गगनबावड्याला होतं. मामांचा आजारपणानंतरचा पहिला दिवस. त्यांनी स्टार्टर मारला, गाडी ढिम्म. धक्का मारायला गेलो तर चाकं चिखलात रुतली. दुसरी बॅटरी मिळवून पोचेपर्यंत चार वाजले. निम्मी म्हातारी माणसं वाट बघून चालत परत गेली होती.

गाडी ज्या संस्थेची, तिच्या प्रमुखांनी मामांना सगळ्यांदेखत झापलं. मागून कुणीतरी म्हणालं, मामा बौद्ध, त्यांना देवाचा बल्ब खुपतो, म्हणून वायरीशी खेळत बसतात. वायर जोडलेलीच राहिलीय, हे मामांनी सकाळीच बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"माझ्याकडनंच ऱ्हायलं," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो. नोकरी कच्ची होती वगैरे सगळं खरं, पण मी भ्यालो.

पुढच्या पावसाळ्यात शेडमध्ये गेलो तर वायर सोडलेली आणि गणपतीपुढे उजेड. मामांनी खेळण्यातला बारीक लाल दिवा आणून त्याला टॉर्चचे दोन सेल जोडले होते. "तुमचा देव बी उजेडात, बॅटरी बी शाबूत," एवढंच बोलले. नंतर वर्षानुवर्षं सेल मामाच बदलायचे. यंदा कबूल करू, असं मी दर जूनला ठरवायचो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मामा वारल्याचं कळलं तेव्हा मुरगूडला त्यांच्या घरी गेलो. मामींनी कागदाची पुडी हातात दिली. आत तो पाना आणि दोन नवे सेल. "तुमास्नी द्या म्हणालते. पावसाळा आला की लागंल."

मग माझ्यानं राहवेना. ती वायर मीच जोडली होती, असं त्यांना सांगून टाकलं.

"म्हाईत हाय की," मामी म्हणाल्या. "त्यास्नी तवाच कळालतं."

गाडी भंगारात जाऊन वर्ष झालं होतं. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पुडी खिशात घातली आणि स्टँडकडे निघालो.