झापडं

गुडघ्याला लेसर लावण्याआधी दवाखान्यातल्या मुलीनं माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, आणि शिवाजी पेठेतल्या टांगेवाल्याची घोडी आठवली. पेठेत तेव्हा टांगे होते. घोडीचा पाय सुजला होता, म्हणून मी वडिलांची कंबर शेकायचा विजेचा लाल दिवा घेऊन गेले. तबेल्यात लिदीचा उबट वास कोंदला होता. उजेडाला बुजू नये म्हणून टांगेवाल्यानं तिला झापडं बांधली, तर ती सुजलेला पाय टाकत निघालीच! झापडं म्हणजे काम, एवढंच तिला ठाऊक. त्यानं घाईघाईनं झापडं सोडली, तळहातानं तिचा डोळा झाकला. "आज काम न्हाय गं बाई. नुसती हुबी ऱ्हा." तेव्हा कुठं ती थांबली. चष्म्याआड मी मात्र संध्याकाळच्या भाकरीला पीठ पुरेल का, याचाच विचार करत होते.