भगवंत काहीच बदलत नाही

आमच्या देवासात मेकॅनिकची लायकी पिशवीवरून ठरते. गाडी परत देताना त्याने काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून तुमच्या हातात द्यायचा, तुम्ही तो घरी आणायचा आणि शेजाऱ्यांना दाखवून म्हणायचं, "बघा, हा गेला होता." पिशवी जितकी जड, तितका मेकॅनिक मोठा. या मापाने भगवंत शितोळे हा गावातला सर्वांत नालायक मेकॅनिक आहे. टेकडीच्या पायथ्याशी वीस वर्षं त्याचं गॅरेज आहे आणि तिथून माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

मी स्वतः तशी आले आहे. माझ्या गाडीत इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला, म्हणून घाबरून त्याच्याकडे गेले. त्याने तळहाताएवढा स्कॅनर लावला, आकडा वाचला आणि बॉनेट उघडायचं सोडून माझी उलटतपासणी सुरू केली. गेल्या आठवड्यात गाडीला कुणी हात लावला? कुठे नेली होती? एअर फिल्टर कुणी साफ केला? मग एका नळीची चिमटी घट्ट केली, दिवा घालवला आणि म्हणाला, "झालं." मी शाळेची हेडबाई म्हणून निवृत्त झालेली बाई. मला असं "झालं" म्हणून उडवून लावलेलं खपत नाही. तशीच तणतणत दुसऱ्या गॅरेजात गेले, धडधाकट सेन्सर बदलून घेतला, तेव्हा कुठे जीव शांत झाला. तो जुना सेन्सर अजून माझ्या शोकेसमध्ये आहे.

त्याच्या या प्रश्नांमुळे गावात अफवा उठली, की भगवंत गाडी बघत नाही, भविष्य बघतो. सतवासहून एक गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन आले आणि सोबत मुलाची पत्रिका. भगवंताने पत्रिका न बघता परत केली आणि ट्रॅक्टरची निसटलेली तार खोचून दिली. ते गृहस्थ पत्रिकेबद्दल अजून नाराज आहेत.

भगवंताचा स्वभाव घराण्यातूनच आला असणार. त्याचे पणजोबा धाकट्या पातीच्या महाराजांच्या पागेत होते. घोडा लंगडला तर आधी नाल बघायची, लगेच घोडा बदलायचा नाही, हे ऐकत तो वाढला. इथे एकेकाळी एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण आमचे शेजारी नीलकंठकाका यांना ती बातमी पुरती पोचलेली नाही. त्यांचे आजोबा थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते.

काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. दर गुरुवारी ते स्वतः गाडी चालवत धारला जातात. तिथे त्यांची थोरली बहीण इरावतीबाई एकटी राहते. वय चौऱ्याऐंशी. भाऊ फाटकाशी दिसेपर्यंत ती पानावर बसत नाही. काकांची मुलगी ऋजुता पुण्याला असते आणि तिला हे गुरुवार मुळीच पसंत नाहीत. दसऱ्यानंतर काकांच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला. बायपासवरच्या एका मोठ्या वर्कशॉपने एक सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग कॉइल बदलली. पुन्हा दिवा. मग थ्रॉटलचं सबंध धूड बदललं. तीन पिशव्या घरी आल्या, काकांची छाती फुगली आणि दिवा चौथ्यांदा लागला. एकदा तर इंदूरच्या अलीकडे गाडी आचके देऊ लागली. हे कळताच ऋजुता विमानाने आली आणि म्हणाली, "बाबा, बस झालं. रविवारी पाच वाजता माणूस येतोय, गाडी घेऊन जाईल."

रविवारी सकाळी मीच भगवंताला बोलावलं. त्याच्याबद्दलचा राग होताच, पण काकांचं तोंड बघवत नव्हतं.

"धाकट्या पातीचा माणूस माझ्या गाडीला हात लावणार?" काका ओट्यावरून गरजले.

"हात नाही लावत ना, काका. पहिले विचारू तर द्या," भगवंत म्हणाला. मग बॉनेट थोपटून गाडीलाच विचारलं, "बोला भिया, कुठे दुखून राहिलं?"

ऋजुताने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्याने स्कॅनर लावला. चारही वेळा एकच आकडा आला होता का, हे त्याने विचारलं. काकांनी रोजनिशी आणली. काका रोजनिशीत दाढीच्या पात्याचासुद्धा जन्म-मृत्यू लिहितात, त्यामुळे आकडा होता. चारही वेळा एकच.

"आकडा म्हणतो, या सेन्सरची खबर पोचत नाही," भगवंत म्हणाला. "सेन्सर मेला असं म्हणत नाही. पोस्टमन नाही आला तर आपण पत्र लिहिणाऱ्याला जाळून येतो का?"

"वायफळ बोलू नकोस," काका म्हणाले.

"बरं, दिवा कधी लागतो?"

काकांनी वाचून दाखवलं. खांडेनवमीनंतर तिसऱ्या दिवशी दिवा. नवा सेन्सर, चौथ्या दिवशी दिवा. नवी कॉइल, तिसऱ्या दिवशी दिवा. नवं थ्रॉटल, चौथ्या दिवशी दिवा.

"म्हणजे पार्ट नवा आला, की तीन-चार दिवसांत गाडी आजारी. आणि पहिल्यांदा खांडेनवमीला, तेव्हा तर पार्टच नव्हता." भगवंत डोकं खाजवू लागला. "मग या चारही वेळी घरात काय झालं?"

दारात उभ्या असलेल्या काकांच्या पत्नी, प्रमोदिनीकाकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

भगवंताने बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून एकेक तार हलक्या हाताने हलवत गेला. एका तारेपाशी इंजिनाने आचका दिला. त्याने इंजिन बंद केलं, त्या तारेचा प्लग ओढून काढला, आणि आतून मुंग्या बाहेर पडल्या. लाल, बारीक, शिस्तीत. आमच्या शाळेची प्रार्थनेची रांग इतकी सरळ कधी नव्हती. प्लगच्या आत हिरवट चिकटा होता. भगवंताने तो बोटावर घेऊन हुंगला.

"मध," तो पुटपुटला. परत हुंगलं. "आणि दही."

मग त्याने मान वर केली, काकूंचा चेहरा बघितला आणि गप्प बसला. मी त्याला वीस वर्षं ओळखते. हा माणूस निदान कधी पोटात ठेवत नाही. त्या दिवशी ठेवलं. मुंग्या फुंकून काढल्या, प्लग फवाऱ्याने धुतला, वाळवला, खोचला. दिवा गेला. त्याने गाडी गल्लीतून तीनदा फिरवून आणली, दिवा आला नाही.

"काय बदललं?" ऋजुताने विचारलं.

"काही नाही."

"मग परत लागेल."

"नाही लागणार, ताई."

"कशावरून? कशामुळे लागत होता ते तरी सांगा. नाहीतर पाच वाजता गाडी जाणार म्हणजे जाणार."

भगवंत आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. कारण सांगावं तर काकू उघड्या पडतात, न सांगावं तर काकांचा गुरुवार जातो. मला त्याची दया आली, आणि मला सहसा कुणाची येत नाही.

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "खांडेनवमीला मी इंजिनावर पंचामृताचा अभिषेक केला. दिवा लागला तेव्हा वाटलं, आपलंच काही राहिलं. मग प्रत्येक नवा पार्ट आला की त्यालाही केला. ह्यांची दुपारची झोप लागली की करायची."

"अगं, इंजिन म्हणजे काय शाळिग्राम आहे?" काका ओरडले. "तीन पार्ट! थोरल्या पातीच्या दफ्तरात असा घोटाळा कधी झाला नाही!"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. असं त्यांना म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं, काकांनीही ऐकलं नसावं, कारण ते खरंच गप्प बसले.

मग त्या मुलीकडे वळल्या. "ऋजू, गुरुवारी हे परत येईपर्यंत मला घास उतरत नाही. गाडी गेली तर सगळ्यांत सुखी मीच होईन. पण गाडी वर्कशॉपात होती ना, ते दोन गुरुवार मी पाहिले आहेत. ह्यांनी पहाटे आंघोळ केली. इस्त्रीचा सदरा घातला. आणि संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिले. एकदा विचारलं, ताई जेवली असेल का गं? बास, तेवढंच." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "गाडी विकायची नाही. अभिषेक मी बंद करते. भीती वाटेल, वाटू दे."

काकांनी रोजनिशी मिटली. ऋजुता फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि पाच वाजता येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगून आली.

भगवंत स्कॅनर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता, काकूंकडे न बघताच म्हणाला, "काकू, कुंकू लावत जा ना. वरून, बॉनेटला. कुंकवाला मुंग्या नाही लागत."